उघडलेले डोळे : दोनशे बारा

अनगोळ, बेळगाव
५ ऑगस्ट २०२४

ती. आक्काताईस,
यशपालचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोटोवरून हाताने रंगवलेली माणसं सहाशे अठ्ठेचाळीस. त्यांपैकी मयताच्या फोटोतले मिटलेले डोळे उघडून दिलेली दोनशे बारा. शेळीच्या कानामागच्या केसांचे, बाजारात मिळतात त्यांहून बारीक ब्रश चौतीस. सायकलच्या दिव्याची काच घासून केलेलं भिंग एक, अजून वापरात. प्रिंट तिरकी धरायचा सागवानी घोडा एक, खिळा न मारता नुसत्या खाचांवर उभा.

ही यादी मी कोर्सच्या फॉर्मला पुरवणी म्हणून जोडली, तिची नक्कल तुला. ‘शिक्षण’च्या रकान्यात ‘सातवी’ लिहिल्यावर ‘अनुभव’च्या दीड इंचात माझं काय मावणार? क्लार्कने पुरवणी वाचली आणि कन्नडमध्ये विचारलं की डोळे उघडले म्हणजे काय, तुम्ही डॉक्टर आहात का. मीही कन्नडमध्येच सांगितलं की डॉक्टरचं काम जिथे संपतं तिथून माझं सुरू होतं.

त्रेपन्नाव्या वर्षी शिकाऊ मास्तर होऊन कसं वाटतं, असं तू विचारलंस. खुर्ची डुगडुगत होती, ती पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केली. ग्राफिक डिझाइनचा वर्ग आहे. बावीस पोरंपोरी, बावीस कॉम्प्युटर. तीन महिने मी शिकवायचं आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान मॅडमनी मागे बसून मला गुण द्यायचे. पास झालो तर शिक्षकाचं प्रमाणपत्र, नाहीतर निपाणीला परत. सॉफ्टवेअर मला कुणी शिकवलेलं नाही, तेही मी आपलंआपणच शिकलो. पोरांच्या जेमतेम एक दिवस पुढे असतो, ही गोष्ट तुझ्यामाझ्यात.

पहिलं काम दिलं ते असं, की घरातला सर्वांत जुना फोटो आणा आणि कॉम्प्युटरवर तो दुरुस्त करा. पोरांना सांगावं लागलं की पूर्वी पुष्कळ माणसांचा पहिला फोटो मेल्यावरच निघायचा. माणूस गेला की फोटोवाल्याला निरोप, मयत भिंतीला टेकवून बसवायचं, टोपी नीट करायची, फोटो काढायचा. मग स्टुडिओत माझ्यासारखा कारागीर त्या प्रिंटवर ब्रशने डोळे उघडायचा आणि तेराव्याच्या आत फोटो भिंतीवर लागायचा. संकेश्वरच्या वीरेंद्रने पिशवीतून आजोबांचा, बाळगोंडा पाटलांचा फोटो काढला. मी तो उलटा केला तर मागे पेन्सिलीत माझा ‘य’ आणि नंबर ५७. वीरेंद्रचं तोंड बघायला तू हवी होतीस.

गौतमीचं तू पुन्हा काढलंस. आक्का, एकवीस वर्षांत किती वेळा सांगायचं? तिच्या मयताचा फोटो मीच काढला, पण फिल्मला उजेड लागून ती काळी पडली. त्यातून तुझ्या लेकीचं तोंड निघत नाही. ते एकच काम राहिलं, ते फिल्मपायी. पुन्हा विचारू नकोस.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे ती तशीच राहू दे.
तुझा,
यशपाल


निपाणी
११ ऑगस्ट

चि. यशास,
आक्काचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, चष्मा लावून, दोनदा. फोनवर मला तुझा नुसता खोकलाच ऐकू येतो, तवा पत्रच बरं. रात्रशाळेत शिकलेल्या अक्षराला तेवढाच व्यायाम.

क्लार्कला दिलेलं उत्तर वाचून हसले. पण फुशारकी जरा बेतानं मार, बाबा. मागं बसलेल्या बाईच्या हातात पेन हाय. आणि कॉलर उसवली असंल तर टाका घाल. मास्तर झालास म्हणून पोरं तुझ्या ब्रशाकडं बघणार न्हाईत, कॉलरीकडं बघत्यात.

इकडं सगळं ठीक. वखारीतली नागुबाई येऊन बसती, आम्ही दोघी खोकतो आणि तंबाखूच्या नावानं बोटं मोडतो. उभा जन्म तिच्यावर काढला आणि आता तिलाच शिव्या.

तू विचारू नगंस म्हणालास, पण मी विचारणार. फाटलेले, बुरशी धरलेले फोटो तुझी पोरं नीट करत्यात, असं तूच लिवलंयस. मग उजेड लागलेली फिल्म का हुईना? थोडं हुईल, निम्मं हुईल. मला निम्मं चालतंय.

यशा, खरं सांगू? तिचं तोंड माझ्या ध्यानातनं निघून चाललंय. आवाज हाय. वेणीचा वास हाय. तोंड आठवायला गेलं की वखारीतल्या दुसऱ्याच पोरी मधी येत्यात. शाळेच्या ग्रुप फोटोत तिच्यासमोर म्होरच्या पोरीचं डोस्कं आलंय. रोज समोर हुती म्हणून कुणी फोटो काढला न्हाय, आणि सतराव्या वर्षी चार दिसांच्या तापात गेली. मी साठीची. मी इसरले तर ते तोंड कुणाकडंच उरायचं न्हाय. मरायच्या आधी एकदा बघू दे. दुसरं काय मागत न्हाय.

वेळेवर जेव.
तुझी आक्का


अनगोळ
२४ ऑगस्ट

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. तिन्ही कच्चे कागद फाडले. हे फाडणार नाही.

मंगळवारी माझा पहिला गुणांचा तास होता. मॅडम मागे बसलेल्या. पोरांनी आणलेल्या बावीस फोटोंत सहा माझे निघाले, सहाही डोळे उघडलेले. मला चेव आला. वर्गाला सांगितलं की कॉम्प्युटर एकच डोळा हजारदा छापेल, पण हाताने काम करणारा माणूस प्रत्येकाला त्याच्या वयाचे, त्याच्या स्वभावाचे डोळे देतो. हे सहा चेहरे घ्या, नुसते डोळे मोठे करा आणि मी कुणाला काय वेगळं दिलं ते शोधून काढा.

पोरांनी डोळे मोठे केले. बावीस पडद्यांवर दुसरं काहीच नाही, फक्त डोळे. पलीकडच्या टोकाला राजश्रीला काहीतरी दाखवायला मी दोन रांगांच्या मधून चालत गेलो, आणि माझ्या पाठीला कळलं की कुणीतरी बघतंय. भर दुपार, अकरा खिडक्या उघड्या, बाहेर रिक्षांचा गोंगाट. तरी माझी मान वळेना.

राजश्री कडोलीची, हुशार पोर. तिने सहाही जोड एका मापाचे करून पारदर्शक कागदासारखे एकावर एक ठेवले होते. सहांच्या कडा वेगवेगळ्या दिसायला हव्या होत्या. दिसत होता एकच जोड, स्वच्छ, कुठेही दुहेरी रेघ नाही. तिने सरळपणे विचारलं की सर, ही सगळी एकाच घरातली माणसं का. मी म्हटलं, स्टुडिओतला उजेड एकच होता, म्हणून सारखे वाटतात. ती पुन्हा बघत राहिली आणि म्हणाली की पण हे म्हाताऱ्यांचे डोळे नाहीत, सर. ही कुणीतरी मुलगी आहे, आणि ती हसू दाबून बसली आहे.

डावी पापणी उजवीपेक्षा तांदळाच्या निम्म्या दाण्याइतकी खाली. सहाही फोटोंत. वखारीच्या पायरीवर पडल्यावर डाव्या पापणीला दोन टाके पडले होते, ते कुणाच्या, हे तुला सांगायला नको.

मी डोळे काढायला कुणाकडे शिकलो? कुणाकडेच नाही, असं आजवर छाती काढून सांगत आलो. गौतमी नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिला खिडकीत बसवायचो, लिमलेटच्या एका गोळीवर अर्धा तास. हलू नको म्हटलं की तिला हसू यायचं, ते ती दाबायची. सात वर्षं मी फक्त तेच डोळे काढले. मेलेल्यांचे उघडे डोळे मी पाहिलेले नसायचे आणि घरच्यांना विचारायचोही नाही. कलाकाराला विचारावं लागत नाही, अशी माझी समजूत. आक्का, मी दोनशे बारा वेगवेगळे डोळे काढले, अशा घमेंडीत तीस वर्षं काढली. एकच काढले. एकशे एकोणचाळीस ती जिवंत असताना, त्र्याहत्तर ती गेल्यावर.

आता दुसरी गोष्ट. फिल्मला उजेड लागला नव्हता. फोटो चांगला आला होता, माझ्या हातून आलेल्या चांगल्यांपैकी. मी त्याच्या सात प्रिंट काढल्या आणि सातही वेळा तिचे डोळे उघडले. दर वेळी ती बाळगोंडा पाटलांसारखी, नाहीतर चिकोडीच्या कुठल्या म्हातारीसारखी दिसायला लागायची. स्वतःच्याच डोळ्यांत ती कुणीतरी मेलेलं माणूस वाटायची. का, ते तेव्हा कळलं नाही. सातही जाळल्या, फिल्म तेवढी ठेवली आणि तुझ्याशी खोटं बोललो.

मी भुताखेताचं मानत नाही, तूही मानत नाहीस. तरी मंगळवारपासून मनात येतं की ती जिवंत होती तेव्हाच मी तिला थोडं थोडं करून मयतांना वाटून टाकलं. मॅडमनी तासाच्या कागदावर लिहिलं की विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम, शिक्षक अखेरीस गोंधळले. पन्नासपैकी एकोणीस.

तू काय लिहिशील ते लिही. मला माया मागायचा हक्क नाही.
यशपाल


निपाणी
२९ ऑगस्ट

यशपाल,

संकेश्वरच्या त्या घराचा पत्ता पाठव. पोराला म्हणावं, आजोबांचा फोटो घरी नेऊन पयल्या जागी लाव. मला तिथं जाऊन बघायचाय.

पोर तापानं गेली, तुझ्या ब्रशानं न्हाय. ते खूळ डोस्क्यातनं काढ. खोटं बोललास त्याचं मात्र मी काय करायचं, ते अजून ठरलं न्हाय.

आक्का


निपाणी
१६ सप्टेंबर

चि. यशास,
आक्काचा आशीर्वाद.

काल ऐतवारी संकेश्वरला जाऊन आले. बायकांना एस्टीला तिकीट न्हाय, आधार कार्ड दावलं की झालं. नागुबाई संगं येतो म्हणत हुती, तिला घेतली न्हाय. स्टँडवर वीरेंद्र आलता. तू वर्गात कसा चालतोस ती नक्कल त्यानं वाटेत करून दावली. लई चांगली करतोय. मी त्याला ओरडले न्हाय.

घर मोठं. दारात ट्रॅक्टर, आत फरशी. त्यांचं जैनांचं दशलक्षण पर्व चाललंय, घरात उपास, तरी माझ्याम्होरं थाळा आला. त्याची आज्जी शालन पंच्याऐंशीची. ती बी माझ्यावानी थोडी बहिरी. दोघी वराडून बोलत हुतो, पोरगं मधी हसत हुतं.

फोटो सोप्यात, दाराच्या वर, चंदनाचा हार घातलेला. मी खाली बसले न्हाय. खालनं नजर गाठत न्हाय, म्हणून भिंतीशी उभी राह्यले आणि मान वर केली.

यशा, तीच हुती. पांढऱ्या मिशा, डोईला फेटा, आणि मधी माझी पोर. डावी पापणी खाली. कायतरी खोडी करून आल्यावर बघायची तशी बघत हुती. मी लई येळ रडले न्हाय. मला तिचं नाक आठवलं. मग ओठ. मग हनवटीवरचा तीळ. एकवीस वर्षांत जे येत नव्हतं ते एकामागनं एक सगळं आलं.

शालनबाईंना पोरानं आधीच सांगितलं हुतं. त्या म्हनल्या की त्यांच्या मालकांचं डोळं मांजरावानी घारं हुतं, आणि फोटो घरी आला त्याच दिवशी त्यांनी वळखलं की ही नजर ह्यांची न्हवं. पयलं वरीस त्यांनी मान वर केली न्हाय. पण तेराव्याला लागलेला फोटो काढायचा कसा, आणि कुणाला सांगायचं काय? मग हळूहळू सवय झाली. त्यांना चार ल्योक, लेक न्हाय. दुपारच्या दाणे निवडायला सोप्यात बसल्या की वाटायचं, कोण पोरगी वरनं बघतीया. तिला त्या सुनांच्या चुगल्या सांगायच्या. पंचवीस वर्षं सांगितल्या म्हणं. मला म्हनल्या की बाई, तुमची लेक आमच्याकडं राह्यली, तिला काय कमी केलं न्हाय.

आपल्या आयेला असल्या घरातनं पाणी मिळायचं ते वरनं, ओंजळीत. आणि माझी लेक त्याच सोप्यात चंदनाचा हार घालून, मालकीण बनून बसलीया. मला हसू बी आलं. तिला बी आलं असणार, ती दाबत हुती.

निघताना पोरगं म्हणालं की सर म्हणत असतील तर आजोबांचं डोळं कॉम्प्युटरवर घारं करून देतो. आज्जीनं त्याला हाकललं. असू दे म्हनल्या.

आता माझं ऐक. एस्टीत बसल्यावर मला एकच गोष्ट टोचायला लागली. पोर झोपली न्हाय रं. ह्या घरात जागी, त्या घरात जागी, दोनशे बारा घरांत टक्क उघडी. कुणी मेलं की तू तिला उठवायचास.

तवा आठव्यांदा तिचं डोळं उघडू नगंस. खरी फिल्म तुझ्याकडं हाय न्हवं? तिचा फोटो कर. जशी हुती तशी कर, मिटल्या डोळ्यांची. माझ्या घरात तरी तिला झोपू दे.

खोटं बोललास ते मी इसरणार न्हाय. पण तुझ्यावरची माया कमी व्हायची न्हाय, तेवढं माझ्या हातात न्हाय.
तुझी आक्का


अनगोळ
६ ऑक्टोबर

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

सोबतच्या पार्सलात गौतमी आहे. दोन प्लायवूडच्या मध्ये बांधली आहे, गाठ सुरीने कापू नकोस, हाताने सोड. काचेला उजेडाची तिरीप येणार नाही अशा भिंतीला लाव, जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे तुला मान वर करावी लागणार नाही.

बारा दिवस लागले. मिटलेली पापणी मी आयुष्यात रंगवली नव्हती. समोर आली की तिच्यावर डोळा चढवायचा, एवढंच माहीत. आत बुबुळ गोल असतं म्हणून पापणी मध्यावर किंचित उचललेली असते, आणि तो उंचवटा दाखवायला रंग नाही, नुसता पाण्याचा हात लागतो. हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. टाक्यांची खूण उघड्या डोळ्यांत कधी दिसायची नाही, घडीत जायची. आता दिसते. चार टिंबं आहेत, चारच काढली आहेत.

ब्रश खाली ठेवल्यावर बराच वेळ वाट पाहिली की ती आता कुणासारखी दिसायला लागेल. कुणासारखीच दिसली नाही.

शेवटचा गुणांचा तास याच कामावर घेतला. पोरांना खरं काय ते सांगितलं, सहा फोटोंचंही आणि सात प्रिंटांचंही. मयताचे डोळे उघडण्याआधी घरच्यांना विचारायचं असतं, आणि मी दोनशे बारा वेळा विचारलं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं हसतील. राजश्रीने उठून विचारलं की सर, मग आम्ही कुणाला काय विचारायचं, ते सांगा. त्यावर चाळीस मिनिटं गेली, घंटा झाली तरी कुणी उठेना. मॅडमनी सदतीस दिले. शेऱ्यात गोंधळ हा शब्द नाही. प्रमाणपत्र दिवाळीनंतर मिळेल.

त्या तासानंतर स्वतःच्या घरचा फोटो उतरवायचा का, असं वीरेंद्र सोडून त्या सहांतल्या बाकी पाचही पोरांनी घरी विचारलं. कुणीच उतरवला नाही. चिकोडीच्या एका घरातून तुझ्यासाठी निरोप आहे की येऊन बघून जा. जायचं की नाही ते तू ठरव.

दिवाळीला येतो. तुझ्या घरी पायरीवरूनच आत बघेन, तू बोलावलंस तर पुढे येईन. राग धरशील तेवढा धर, आणि त्याखाली जे काही उरतं ते मला दे.
तुझा,
यशपाल

ता. क. राजश्रीने त्या सहा जोडांचा एकच स्वच्छ जोड करून त्याचं चित्र फोनवर टाकलं होतं, ते फिरत फिरत हुबळीच्या एका कंपनीपर्यंत गेलं. काल त्यांचा माणूस वर्गात आला. मयताचा फोटो दिला की डोळे आपोआप उघडणारं, पापणी लवणारं काहीतरी ते फोनवर आणताहेत. त्यासाठी त्यांना हे डोळे विकत हवेत, माझ्या सहीनिशी. म्हणाला की शेकडो डोळे तपासले, पण कुठल्याही चेहऱ्याला बसतात असे हेच. आक्का, माझ्या हाताबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि ते ऐकायला मला बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. गावोगावी, घरोघरी, कुणीही गेलं की ती उघडणार. मी राजश्रीला बोलावून त्याच्यासमोर ते चित्र पुसायला लावलं आणि त्याला नाही म्हटलं; फिरून गेलेलं परत येत नाही, पण माझी सही मिळणार नाही. त्याने रक्कम कागदावर लिहून पुढे सरकवली, मी पुन्हा नाही म्हटलं. तो कागद माझ्याकडे राहिला. त्यावर चार लाख पंचवीस हजार लिहिले आहेत.